तिसरा सांगणारा

"कवळी झाला," बाबा म्हणाले. ओल्या फडक्यात गुंडाळलेली कवळी त्यांनी पितळी डब्यात ठेवली आणि झाकण दाबलं. "आज मनमाडला पोचवणार."

मधल्या दारापलीकडे मागाचा खटखटाट चालूच राहिला, पण त्याच्यावरून ठकूमावशीचा आवाज आला.

"झाला नव्हे, झाली. आणि पोचवायची नाही. लढाई चाललीय, डॉक्टर. तुमचं तोंड बघितलं की लोक दगड शोधतात."

"मी आजीला बोललो. नातीच्या लग्नाआधी दात देणार. लग्न परवा आहे."

"म्हातारीला दात नसले तर लग्न मोडतं का?"

"ती मांडवात येणार नाही म्हणते. लाज वाटते." बाबांनी डबा पिशवीत घातला. "मी बोललो, ताई."

'मी बोललो' यापुढे बाबांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

ही बासष्ट सालची गोष्ट. तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती. आम्ही येवल्याला ठकूमावशीच्या घरात भाड्याने राहत होतो. पुढच्या खोलीत बाबांचा दातांचा दवाखाना, मागे आमची चूल, आणि मधल्या दारापलीकडे मावशीचा माग. मी तेव्हा मराठी चौथीत होते. माझं नाव शु-लान. गल्लीने त्याचं शालन केलं. बाबांचं आडनाव त्सेंग. त्याचं लोकांनी चांगदेव केलं. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, पेशंट विचारत यायचा तो "चांगदेव डॉक्टर आहेत का?" म्हणूनच. बाबांच्या मराठीत बायका सोडल्या तर जगातली प्रत्येक वस्तू पुल्लिंगी होती. वीस वर्षं इथे राहूनही ते सुधारलं नाही.

आई मी दोन वर्षांची असताना गेली. त्यानंतर मला न्हाऊ घातलं, वेणी घातली, मारलं आणि जेवू घातलं ते मावशीने. ती कोष्ट्याची विधवा. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, माग विकून टाक. ती म्हणाली, विकून मी काय करू? आणि स्वतः मागावर बसली. तिचा माग खड्ड्याचा होता; जमिनीवर बसायचं, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबायच्या. तिचा एकुलता एक मुलगा दामू लष्करात ट्रक चालवायचा. लढाई पेटली तेव्हा तो आसामात होता. दसऱ्याच्या आधीपासून त्याची काही खबर नव्हती.

म्हणजे पाहा, मावशीचा मुलगा चिन्यांशी लढायला गेलेला, आणि मावशीच्या घरात चिनी.

बाबांना चीन सोडून जन्म लोटला होता. तिथलं त्यांनी जपलं होतं ते एकच, त्यांचे थोरले. थोरले म्हणजे आमच्या त्सेंग कुळाचा मूळ पुरुष, खोंग गुरुजींचा, जग ज्यांना कन्फ्यूशियस म्हणतं त्यांचा, एक धाकटा शिष्य. अडीच हजार वर्षांपूर्वीचा. बाबा त्यांच्याविषयी असं बोलायचे, की ते पलीकडच्या आळीत राहतात आणि संध्याकाळी चक्कर टाकणार आहेत. थोरल्यांची बायको बाजाराला निघाली आणि पोर मागे लागलं, तेव्हा ती म्हणाली, "घरी थांब, आल्यावर तुझ्यासाठी डुक्कर कापू." परत आली तर थोरले सुरी परजत बसलेले. ती म्हणाली, "अहो, मी पोराला थाप मारली होती." ते म्हणाले, "पोराला थाप मारलीस तर पोर तेच शिकेल." आणि डुक्कर कापलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की मावशीलाही पाठ झाली होती. मी हट्टाला पेटले की ती म्हणायची, "माझ्याकडे डुक्कर नाही गं बाई, गप्प बस."

थोरले म्हणत, देह आईबापांनी दिलेला, त्याला उगाच इजा करू नये. म्हणून आमचे बाबा दात उपटायला फार नाखूश असत. पेशंट ठणाणा बोंबलत यायचा, "काढा एकदाचा!" आणि हे त्याला विचारायचे, "आई आहे का? तिला विचारलं?" रोज दिवेलागणीला हात धुताना ते स्वतःलाच विचारत: दुसऱ्याच्या कामात मन घातलं का? मित्राशी खरा वागलो का? शिकलो ते केलं का? आणि बाबांना सगळ्यांत आवडायचं ते हे, की खुद्द गुरुजी थोरल्यांना 'मंद' म्हणाले होते. "मंद!" बाबा हसायचे. "आणि गुरुजींच्या नातवाला शेवटी शिकवलं कोणी? मंदाने!"

त्या सकाळी निघताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आम्हा लोकांना तेव्हा पोलिसांना विचारल्याशिवाय गाव सोडायची बंदी होती. पण जमादार बाबांचा जुना पेशंट. त्याने तोंडी परवानगी दिली होती, एका दिवसाची.

"संध्याकाळच्या पॅसेंजरने येतो," बाबा म्हणाले.

संध्याकाळची पॅसेंजर आली आणि गेली. बाबा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला शाळेत पाठवलं नाही. ती मागावर बसली होती, मी शेजारी रहाटावर रेशीम भरत होते. तेवढ्यात कोंडाबाई दारात आली. ती मनमाडहून भाजी आणून विकायची. डोक्यावरची पाटी उतरवण्याआधीच ती बोलली.

"ठके, तुझ्या चांगदेवाला धरला. मी डोळ्यांनी पाहिलं. टेसनात, साध्या कपड्यातले दोघं होते. एकाने इकडचा दंड धरलेला, एकाने तिकडचा."

मावशीने धोटा उभ्या धाग्यांमधून पलीकडे फेकला, फणी ठोकली. "कोणी दुसरा असेल."

"दुसरा? या मुलखात चिनी काय भाजीसारखे मिळतात?"

"मग सुटेल," मावशी म्हणाली. "मेथी आणलीस का?"

कोंडाबाई मेथीची जुडी टाकून गेली. मी मावशीकडे पाहिलं. ती नक्षीतली मोरपिसं मोजत होती. तिची मान वर झाली नाही, म्हणून मीही रहाट फिरवत राहिले.

दुपारी तिचा दीर आला, तुळशीराम. बाजारपेठेत त्याचं चहाचं दुकान होतं. गावातली प्रत्येक बातमी तिथे उकळून गाळून बाहेर पडायची. तो आत आला तो मला पाहून थबकला, मग माझ्याकडे पाठ करून बोलू लागला.

"वहिनी, सगळा बाजार पेटलाय. त्याच्या कवळीच्या डब्यात बिनतारी यंत्र निघालं."

"कवळीच्या डब्यात कवळी होती," मावशी म्हणाली. "मी पाहिली."

"वरती कवळी, खाली यंत्र! त्याच्यावरून तो खबरा देत होता. कुठली पलटण कुठं चाललीय, कुठल्या गाड्या कुठं..." त्याचा आवाज खाली आला. "गाड्या, वहिनी. आपला दामू गाडीवर आहे."

धोटा इकडून तिकडे गेला. तिकडून इकडे आला.

"ऐकलं मी," मावशी म्हणाली.

"एवढंच? याचं बिऱ्हाड बाहेर काढ. सामान रस्त्यावर ठेव, म्हणजे लोकांना दिसेल. नाहीतर उद्या मलाही या दारात येता यायचं नाही."

"मग नको येऊस."

तुळशीराम तरातरा निघून गेला. थोड्या वेळाने पुढच्या बाजूला काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. मी उठू लागले, तर मावशीने नुसता हात आडवा केला. दवाखान्याची पाटी फुटली होती. मी ती नंतर पाहिली. आम्ही दोघी तिथेच बसून होतो. बाहेर पोरं ओरडत पळाली.

ऊन कलायच्या सुमाराला त्र्यंबक मास्तर आले.

हे मावशीचे सख्खे थोरले भाऊ. आमच्या शाळेचे हेडमास्तर. ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत आणि गावगप्पांत कधी पडले नाहीत. वर्गात कोणी मला 'चिनी' म्हणालं, तर ते त्याला बाकावर उभं करायचे. नवरा गेल्यावर मावशी उभी राहिली ती त्यांच्या आधारावर. त्यांना दारात पाहून मला हायसं वाटलं. आता सगळं ठीक होणार.

त्यांनी चपला काढल्या, खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला आणि चष्मा लावला.

"ठकू, मी ऐकीव सांगत नाही. छापून आलंय." त्यांनी सावकाश वाचलं. "मनमाड स्थानकावर त्सेंग नावाच्या चिनी इसमास ताब्यात घेण्यात आले. त्याच्याजवळ रेल्वेमार्गाचे नकाशे सापडले."

त्या गल्लीत बाबांचं नाव इतकं स्वच्छ कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

आणि मागाचा आवाज थांबला.

मावशीचे पाय पावड्यांवर होते, पण हलत नव्हते. धोटा तिच्या उजव्या हातात होता. मी तिचा चेहरा पाहायचं टाळलं आणि धोट्याकडे पाहत राहिले.

"मला वाईट वाटतं," मास्तर म्हणाले. "माणूस चांगला वाटला होता. पण आपण काय आत डोकावून पाहिलंय? तू दामूची आई आहेस. उद्या दामू आला, नाही आला, काहीही झालं, तरी हे घर तुला आयुष्यभर चिकटेल. पोरीला मी पोलिसांकडे पोचवतो. तिचे लोक मुंबईला असतील, तिकडे धाडतील. तिच्याच भल्याचं आहे." मग ते माझ्याकडे वळले. "चल बाळ, दप्तर घे."

मी उठले. मास्तर सांगतात म्हणजे उठायचं, एवढंच मला कळत होतं.

"शालन," मावशी म्हणाली.

तिने डाव्या हाताने आपल्या शेजारची जमीन थोपटली. "इकडे ये. पाय सोडून बस इथं."

त्या जागी मला एरवी कधी बसू देत नसत. पाय धाग्यांत अडकतील म्हणून. मी बसले. खड्ड्यात गार होतं. माझे पाय तिच्या पायांना लागले.

"दादा," मावशी म्हणाली, "नाही म्हणत नाही मी. असेल तसंही. तो आला, की त्याच्या तोंडून ऐकीन. तोवर पोर इथून हलायची नाही."

"तो आलाच नाही तर?"

"तर मागावर बसायला शिकवीन तिला."

मास्तरांनी कागदाची घडी घातली, चपला घातल्या आणि ते गेले. मावशी पुढे विणू लागली. आधी सावकाश, मग नेहमीसारखी. संध्याकाळी तिने मेथीची भाजी केली. आम्ही दोघींनी ती गिळली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पॅसेंजरने, बाबा आले.

गल्लीच्या टोकापासूनच कुजबुज सुरू झाली होती. त्यांचा कोट चुरगळलेला, गळ्यातला मफलर गेलेला, हातात केळीच्या पानाचं मोठं पुडकं. दारात ते फुटलेल्या पाटीपाशी थांबले. 'त्सेंग' आणि 'दातांचा दवाखाना' शाबूत होतं. दगड नेमका सुरुवातीच्या 'डॉ.'वर बसला होता.

"हे बरं झाला," बाबा म्हणाले. "ते खोटंच होता."

मग ते आत आले आणि मी त्यांच्या अंगावर अशी धावले, की पुडकं खाली पडलं आणि लग्नघरचे बुंदीचे लाडू घरभर घरंगळले. मी रडत होते, लाडू गोळा करत होते, पुन्हा रडत होते. मावशी मागावरून उठली नाही.

"पाय धुवा आधी," ती म्हणाली. "आणि मग सांगा. तुमच्या तोंडून."

बाबांनी पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले आणि सांगितलं. त्यांच्या मराठीतली लिंगं मी इथे दुरुस्त करून घेते.

कवळी बसवून ते स्टेशनात आले, तेव्हा त्या दोघांनी त्यांना गाठलं. नाव विचारलं. त्सेंग म्हणताच मालधक्क्यामागच्या खोलीत नेऊन बसवलं. त्यांना मुंबईहून निसटलेला एक त्सेंग हवा होता. परवानगी कुठाय? तर ती तोंडी. जमादार कुठाय? तर तो बंदोबस्तावर नाशिकला. रात्र तिथेच गेली. त्या रात्रीच खरा तो त्सेंग स्टेशनात सापडला, पण म्हणून बाबांना सोडेनात. दोघे मिळालेले असतील, म्हणाले.

"मग आजी आली," बाबा म्हणाले आणि एकदम हसू लागले.

ज्यांची कवळी होती त्या बयोआजी, गार्ड टिपणिसांच्या आई. दुसऱ्या दिवशी नातीचं लग्न, दारात मांडव, आणि या नऊवारी सावरत मालधक्क्यावर हजर. साहेबाने विचारलं, "हा माणूस काल दिवसभर कुठे होता?"

"माझ्या तोंडात," आजी म्हणाल्या.

साहेबाला कळेना. तेव्हा आजींनी कवळी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. मग पुन्हा घातली, कनवटीचे फुटाणे काढले आणि त्याच्यासमोर उभ्याने कडाकडा खाल्ले. "ऐकलंत? सकाळपासून दिवस कलेपर्यंत याचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते. इकडे घास, तिकडे घास, पुन्हा लाव, पुन्हा काढ. नकाशे काय पायाने काढले याने? उद्या माझ्या नातीचं लग्न आहे, आणि याला सोडल्याशिवाय मी इथून हलायची नाही. तुम्ही नवरीमुलीला काय सांगायचं ते सांगा."

मावशी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोन दिवसांत मी पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता आणि आता पुन्हा माघारी येत होता.

"आणि तो दुसरा?" तिने विचारलं.

बाबांचं हसू ओसरलं. "गरीब माणूस. सायकलवर रेशीम विकणारा. नकाशा म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकातला. त्याला घेऊन गेले. थंडीने काकडत होता, मी मफलर दिला." त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "माझ्यासाठी आजी आली. त्याच्यासाठी कोण जाणार?"

मग मी सांगितलं. कोंडाबाई काय म्हणाली, तुळशीराम काय म्हणाला, मास्तरांनी काय वाचलं. तीन माणसं आली, तिघांनी तेच सांगितलं, आणि मावशी विणत राहिली. मला तो एक पराक्रम वाटत होता, म्हणून मी तो हातवारे करून सांगितला. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की बाबांचा रंग उतरला आहे. ते मागाकडे पाहत होते, मावशीच्या हातातल्या धोट्याकडे.

"तीन माणसं?" त्यांनी विचारलं. "आणि ताई मागावर?"

"हो."

बाबा खाली बसले. "थोरल्यांचा एक गोष्ट आहे," ते म्हणाले. "शु-लानला कधी सांगितला नाही. माझ्या बापाने मला सांगितला, तेव्हा मी त्यालाही विचारलं, का सांगितला."

थोरले परगावी होते. तिथे त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या एका माणसाने खून केला. गावात थोरल्यांची आई मागावर विणत बसली होती. एकजण धावत आला, म्हणाला, तुझ्या मुलाने खून केला. ती म्हणाली, माझा मुलगा खून करणार नाही. आणि विणत राहिली. दुसरा आला, त्याने तेच सांगितलं. ती विणत राहिली. मग तिसरा आला, त्यानेही तेच सांगितलं.

बाबा थांबले.

"मग?" मी विचारलं.

"तिने धोटा टाकला. भिंतीवरून उडी मारली आणि पळून गेली."

सगळ्या जगात ज्याच्याइतका खरा मुलगा नाही, त्याची आई.

"म्हणून मी सांगत नव्हतो," बाबा म्हणाले. "पोरांनी हे ऐकू नये. आईसुद्धा तिसऱ्या माणसापर्यंतच टिकते. मनमाडच्या खोलीत मी रात्रभर हाच गोष्ट मनात म्हणत होतो. एकजण जाऊन सांगेल, ताई ऐकणार नाही. दुसरा सांगेल, ऐकणार नाही. मग तिसरा..." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मागासमोर जमिनीला कपाळ टेकलं, आमच्या लोकांत आईवडिलांना टेकतात तसं.

"अहो, उठा, काय हे!" मावशी कावरीबावरी झाली. "मी काय देवी लागून गेले? भिंतीवरून उडी मारायला आधी या खड्ड्यातून वर यायला हवं. माझे गुडघे पाहिलेत का?"

बाबा उठले नाहीत. तेव्हा मावशीने धोटा खाली ठेवला.

"ऐका, डॉक्टर. खोटा मान नको मला. दादाने वाचलं तेव्हा मलाही वाटलं. खरं सांगते, वाटलं. दामू डोळ्यांपुढे आला आणि वाटलं, असेलही." तिने पदर सावरला. "त्या बाईला नावं ठेवू नका. बिचारी. तिच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं का?"

बाबांनी मान वर केली.

"शेजारीपाजारी? एखादी पोर? कोणीच नाही?"

"गोष्टीत नाही," बाबा म्हणाले.

"मग पळेल नाही तर काय करेल? घरात एकटी, आणि माणसामागून माणूस येऊन तेच सांगतंय. माझ्याजवळ ही होती. हिचे पाय गार पडले होते." तिने पुन्हा धोटा उचलला. "लाडू द्या एक. दोन दिवस तोंडाला चव नाही."

त्या दिवशी दुपारी त्र्यंबक मास्तर आले आणि फुटकी पाटी उतरवून घेऊन गेले. चार दिवसांनी नवी लावली, स्वतःच्या अक्षरात. लढाई थांबली. दामूदादा फेब्रुवारीत आला. थंडीने पायाची दोन बोटं गेली होती, बाकी धडधाकट. मावशी त्याच्या गळ्यात पडून रडली आणि मग बाबांना म्हणाली, "याचे दातही बघून घ्या."

पुढे मी मोठी झाले, लग्न होऊन मुंबईला आले. बाबा चिनी नववर्षाला माझ्याकडे यायचे. तेव्हा माझगावातली म्हातारी चिनी मंडळी जमत. जेवणं झाली, की थोरल्यांच्या गोष्टी निघत, आणि मागावरच्या आईची गोष्ट बाबा न चुकता स्वतः सांगायला घेत. आता ती सांगताना ते थांबत नसत. आई उडी मारून पळाली इथपर्यंत आले, की सगळ्यांकडे पाहून विचारत, "तिच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं का?"

एका वर्षी त्यांच्यातले सर्वांत वडील गृहस्थ चिडले. जुन्या पोथ्या वाचलेले होते ते. म्हणाले, "दरवेळी हे काय मधेच घालता? ग्रंथात असलं काही नाही."

बाबांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

"ग्रंथ लिहिणारा," ते म्हणाले, "येवल्याला आला नव्हता."